उजवीकडची खुर्ची

१

सव्वीस वर्षं झाली त्याला, पण तो आवाज आस्तेबुवांच्या कानात अजून तसाच होता. आवाज कसला, दोन माणसांचं बोलणं. एकामागून एक, अगदी हलकं.

बुवा तेव्हा विमानतळावर हमाल होते. विमानाच्या पोटात वाकून शिरायचं आणि पेट्या रचायच्या. काचेच्या सामानाची पेटी आली की ते साऱ्या टोळीवर ओरडायचे, "आस्ते, आस्ते!" म्हणून नाव पडलं आस्तेबुवा. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं. एका दुपारी कारकून जागेवर नव्हता, म्हणून वजनाचा कागद घेऊन बुवांनाच वर वैमानिकांकडे पाठवलं. ते दारात थांबले. विमान जागेवर उभं, इंजिनं बंद, चाकांना लाकडी ठोकळे लावलेले. डावीकडच्या वैमानिकाला खाली उतरून टायर बघायचा होता. उठण्याआधी तो शेजाऱ्याला म्हणाला, "यू हॅव कंट्रोल." शेजारी म्हणाला, "आय हॅव कंट्रोल." तेव्हा कुठे पहिल्याने हात उचलले.

बुवांना इंग्रजी येत नव्हतं, तरी कळलं. झोपलेलं मूल एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर द्यावं, तसं त्या दोघांनी काहीतरी केलं होतं. घेणारा 'घेतलं' म्हणत नाही तोवर देणारा हात काढत नाही. उभ्या विमानातसुद्धा नाही.

२

बुवांच्या लेकीला, ठकूला, वैमानिकाचा परवाना मिळून चार वर्षं होत आली, पण नोकरी हुलकावणी देत होती. कंपनीची परीक्षा दोन टप्प्यांची. आधी मुलाखत, मग सिम्युलेटर. बुवा त्याला खोटं विमान म्हणत. खोलीएवढी पेटी, आत खरीखुरी बटणं, खिडकीत खोटं आकाश. त्या खोट्या विमानात ठकू दोनदा नापास झाली होती, आणि दोन्ही वेळा एकाच जागी. ऐन उड्डाणात परीक्षक एक इंजिन बंद पाडतो. विमान त्या अंगाला ओढ घेतं. लगेच दुसऱ्या पायाचं पेडल दाबावं लागतं. ठकूचा पाय उशिरा पडायचा. उशिरा म्हणजे किती, तर एक श्वास. तेवढ्यात सगळं संपायचं.

आता तिसरा प्रयत्न, आणि शेवटचा. तिसऱ्यांदा हुकलं की ती कंपनी पुन्हा दारात उभं करत नाही, आणि दुसऱ्या कंपन्या आधी विचारतात, तिकडे काय झालं?

म्हणून घरात तयारी चालली होती. पुढच्या खोलीच्या भिंतीवर ठकूने विमानाच्या बटणांचा मोठा कागद चिकटवला. त्याच्यासमोर दोन खुर्च्या मांडल्या. डावीकडची तिची, उजवीकडची जोडीदाराची. बुवांनी जुन्या दाराच्या बिजागऱ्या आणि स्प्रिंगा लावून लाकडी पेडलं करून दिली. दाबली की खट वाजायची. ठकू डोळे मिटून बसायची, कागदावरच्या बटणांवर हात फिरवायची आणि अख्खं उड्डाण मनात करायची. उजवीकडे बसायचे बुवा. तिने त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांत कार्डं लिहून दिली होती. ते एकेक शब्द सावकाश वाचायचे, ती उत्तर द्यायची.

"फ्लॅप्स?"

"पाच."

"लँ-डिं-ग गिअर?"

"बाबा, तुम्ही 'गिअर' म्हणेपर्यंत विमान उतरून लोक घरी जातील."

"मग लोकांना सांग, घाई असेल तर बस पकडा."

ठकूची आई शिवणाच्या यंत्रावरून बघत असायची. पडदे शिवायचं तिचं काम. उजवीकडची खुर्ची तिचीच, शिवणाची, पाठीला उशी बांधलेली. "बाप-लेकीने माझी खुर्ची हवेत नेलीय," ती म्हणायची. "मी इथे स्टुलावर. जमिनीवरच्या माणसाला कोणी विचारतं का?"

कंट्रोल द्यायचं-घ्यायचं मात्र चेष्टेवारी नव्हतं. ठकूने बजावलं होतं, "बाबा, मी 'यू हॅव कंट्रोल' म्हटलं की तुम्ही उत्तर दिल्याशिवाय मी हात काढणार नाही. परीक्षक हेच बघतात." बुवांनी मान हलवली होती. त्यांना हे सांगावं लागत नव्हतं.

३

एका दुपारी सराव ऐन रंगात होता. ठकूचे डोळे मिटलेले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईने खूण केली. नळ उसळला होता, ओट्यावरून पाणी खाली येत होतं. बुवा आवाज न करता उठले. लेकीची तंद्री मोडू नये म्हणून कार्डं खुर्चीवर ठेवून चवड्यांवर चालत आत गेले. नळाचा स्क्रू काढला, ओठांत धरला आणि दोन्ही हातांनी नळ आवळून धरला.

बाहेरून ठकू म्हणाली, "यू हॅव कंट्रोल."

बुवांनी वळून पाहिलं. दारातून तिची पाठ दिसत होती, आणि कागदावर टेकलेले दोन्ही हात. आता ती थांबेल, ते मनात म्हणाले. उत्तर येत नाही म्हटल्यावर डोळे उघडेल.

ती थांबली. मग हात सावकाश उचलून तिने मांडीवर ठेवले आणि पुढचं बोलू लागली. हवा कशी आहे, कुठल्या धावपट्टीवर उतरायचं, काय चुकू शकतं. शेजारच्या माणसाला समजावतात तसं. बोलून झाल्यावर तिने डोळे उघडले आणि उजवीकडे पाहिलं.

"बाबा?"

बुवा दारात आले.

"तुम्ही आत होतात?"

बुवांनी मान हलवली.

"मग... 'आय हॅव कंट्रोल' तुम्हीच म्हणालात ना? तिकडून?"

तिचा चेहरा त्यांना नीट दिसला. दोन वेळच्या अपयशाने पोर आधीच पोखरली गेली होती. बोलता बोलता शब्द विसरायची. आता कानाला भलतंच ऐकू येतं असं मनात बसलं तर परीक्षेला जाणारच नाही.

बुवांनी ओठांतला स्क्रू काढून हातात घेतला.

"हो, मीच," ते म्हणाले. "तिकडून म्हटलं."

ठकू हसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. कंपनीचा होता. परीक्षेची तारीख अलीकडे आली होती. चार दिवस उरले. घरात एकच धांदल उडाली आणि त्या दिवशीचा सराव तिथेच राहिला.

बुवांच्या मनाने त्यांना पुष्कळ समजावलं. इंजिनांच्या आवाजाने आपला डावा कान कधीचाच गेलाय. आपण स्वतःशी बोलतो, बायको नेहमी म्हणते. बोललोही असू. पण स्क्रू ओठांत होता. खोटं बोलण्यासाठी तो काढावा लागला, हे त्यांना पक्कं आठवत होतं. लोखंडाची चव अजून जिभेवर होती.

ते कार्डं उचलायला गेले. खुर्ची पुढे सरकली होती. बसले तर गुडघे भिंतीला टेकले.

४

वरच्या मजल्यावर एक निवृत्त वैमानिक राहायचे. सगळे त्यांना कप्तान म्हणत. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मुलाखतीचा सराव घ्यायला जिना उतरून आले.

"बुवा, तुमचं विमान झकास आहे. इंधन लागत नाही, हवाई सुंदरीही घरचीच."

"हवाई सुंदरीने चहा टाकलाय," ठकूची आई म्हणाली. "प्यायचा तर गप बसा, नाहीतर खिडकीतून उतरवीन."

कप्तान मोठ्याने हसले आणि उजवीकडच्या खुर्चीत बसले. बसल्यावर जरा चुळबुळले, उशी चाचपली, मग उठून स्टुलावर जाऊन बसले. "पाठीला बरं पडतं," म्हणाले.

त्यांनी प्रश्न विचारले. ठकू नीट उत्तरं देत होती. आवाज शांत, शब्द मोजके. मग त्यांनी विचारलं, "समज, तुझं शेजारच्या वैमानिकाशी पटलं नाही. काय करशील?"

"आमचं पटतं," ठकू म्हणाली.

"कोणाचं?"

ठकू गोंधळली. "म्हणजे... पटवून घेईन, सर."

पुढे पेडलांचा सराव. ठकू डोळे मिटून बसली. कप्तानांनी घड्याळ हातात घेतलं. कधीही अचानक ओरडायचं, 'इंजिन गेलं!' आणि पेडल किती वेळात वाजतं ते बघायचं. मागच्या आठवड्यात ओरडणं आधी आणि खट नंतर, मध्ये ती जीवघेणी फट.

आज खट आधी वाजली. कप्तानांचं तोंड उघडंच राहिलं.

"अंदाजाने दाबतेस का गं?"

"नाही, सर."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ते उठून खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. बराच वेळ काही नाही. खोलीत नुसतं शिवणयंत्र चालू. मग खट, आणि कप्तानांनी गर्रकन मान वळवली. त्यांनी आवाजही काढला नव्हता.

बुवा बाजूला उभे होते, त्यांना तिचा चेहरा दिसत होता. पाय पडला तेव्हा ठकू दचकली. पाय पडल्याच्या नंतर. गाडीत मागे बसलेला माणूस अचानक ब्रेक लागल्यावर दचकतो, तशी.

जाताना बुवा कप्तानांना जिन्यापर्यंत सोडायला गेले.

"मी मनात ठरवतो," कप्तान हळूच म्हणाले, "आणि पेडल वाजतं. ओरडायचं राहूनच जातं."

"चांगलंच ना ते?"

"चांगलं. फार चांगलं." त्यांनी घड्याळ खिशात घातलं. चहा तसाच राहिला होता.

बुवा कठडा धरून उभे राहिले. "कप्तान, एक विचारू? समजा एकाने कंट्रोल दिलं आणि दुसऱ्याने घेतलंच नाही. मग?"

"मग ज्याच्याकडे होतं त्याच्याकडेच."

"आणि भलत्यानेच घेतलं तर?"

"विमानात पुढे दोघंच असतात, बुवा. भलता कुठून येणार?" कप्तान हसले, पण अर्धवटच. "तुम्ही परीक्षेपर्यंत पोरीच्या डोक्यात काही घालू नका. तिचा पाय जमलाय. जमलेलं उकरू नये."

बुवांना नेमकं हेच ऐकायचं होतं. तेही त्यांना कळलं, आणि स्वतःची थोडी लाज वाटली.

५

पुढचे दोन दिवस ठकू एकही चूक करत नव्हती. बुवा कार्ड वाचायला घेत, शब्द पुरा होण्याआधी तिचा हात योग्य बटणावर गेलेला असे. आई खूश होती. "बघा, मी म्हणत होते ना, पोरीत आहे ते. भीतीने दबलं होतं." बुवा 'हं' म्हणत आणि उजवीकडच्या खुर्चीच्या अगदी कडेला टेकून बसत.

परीक्षेच्या आदल्या दुपारी तिघं टेबलाशी बसली होती. ठकू आईकडे बघून काहीतरी सांगत होती. बुवांचं कोपर लागून काचेचा पेला टेबलाच्या काठावरून गेला. ठकूने मान वळवली नाही, बोलणंही तोडलं नाही. तिचा उजवा हात खाली गेला आणि पेला अलगद घेऊन वर आला. एक थेंब सांडला नाही.

"अगंबाई!" आई म्हणाली.

ठकूने पेल्याकडे पाहिलं. मग हाताकडे. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाच्या हाताकडे बघावं, तसं.

"मी नव्हता पकडला," ती म्हणाली.

"मग काय विमान कंपनीने पकडला?" आई हसत उठली आणि भांडी घेऊन आत गेली.

ठकूने पेला खाली ठेवला. म्हणजे ठेवायचा होता तिला. बोटं सुटायला थोडा वेळ लागला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही कंट्रोल घेतलंत. परत कधी दिलंत?"

बुवांना वाटलं, सांगून टाकावं. आत्ता, इथे. पण उद्या सकाळी नऊला परीक्षा होती. आणि कधी नव्हे तो पाय वेळेवर पडत होता.

"राहिलं असेल," ते म्हणाले. "फोन आला ना मध्येच. आता देतो. यू हॅव कंट्रोल."

जे कधी त्यांच्याकडे आलंच नव्हतं, तेच बुवा लेकीला परत देत होते.

ठकूने तोंड उघडलं. "आय..." ओठ हलले. गळ्याची शीर ताणली गेली. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग हसली, कसंनुसं.

"घशात अडकतंय बाबा. बोलून बोलून घसा बसलाय."

"पाणी पी," बुवा म्हणाले.

पेला तिच्यासमोरच होता. ती त्याच्याकडे नुसती बघत बसली. शेवटी बुवांनीच उचलून तिच्या ओठांना लावला, लहानपणी लावायचे तसा.

६

परीक्षेच्या इमारतीत एक लांब मार्गिका होती. एका बाजूला बाकं, दुसऱ्या बाजूला काचेच्या खोल्या, टोकाला जाड दार. दारापलीकडे खोटं विमान. बुवा बाकावर बसले होते. भिंतीतून अधूनमधून जड घुमणारा आवाज यायचा आणि पायाखालची फरशी किंचित थरथरायची. मुलाखत सकाळीच चांगली झाली होती.

पाऊण तासाने जाड दार उघडलं. परीक्षक तोंडभर हसत समोरच्या काचेच्या खोलीत गेले. मागोमाग ठकू, ताठ चालीने. शेवटी एक मध्यमवयीन वैमानिक आला. परीक्षेत उजवीकडे बसायला कंपनीने दिलेला जोडीदार. तो पाण्याच्या यंत्राशी थांबला, पेला भरला आणि प्यायलाच नाही.

"तुमची मुलगी?"

बुवा उभे राहिले. "हो साहेब. झाली का पास?"

"पास? बारा वर्षं मी उजवीकडे बसतोय. इतकं नीट कोणी..." त्याने तळहात पँटला पुसला. "इंजिन गेल्यावर विमान हललंसुद्धा नाही. पुढे तिने मला कंट्रोल द्यायचं होतं. 'यू हॅव कंट्रोल' म्हणाली. मी घ्यायला हात घातला, तर..."

"तर काय?"

त्याने पेला एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "तिला कोणी शिकवलंय?"

"घरी सराव करायची. मी शेजारी बसून कार्डं वाचायचो."

"तुम्ही?" त्याने बुवांच्या हातांकडे पाहिलं. हमालाचे हात, गाठाळ, सांधे सुजलेले. "नाही," तो म्हणाला. "तुम्ही नाही." आणि पेला तसाच ठेवून निघून गेला.

बुवांनी काचेतून पाहिलं. परीक्षक ठकूला काहीतरी सांगत होते, मधूनच शाबासकी दिल्यासारखी मान हलवत होते. त्यांनी तिच्यापुढे कागद सरकवले. ठकूने पेन उचललं आणि लिहू लागली. भराभर, सरळ ओळीत, एकेक रकाना भरत.

पण ती कागदाकडे बघत नव्हती. मान वळवून काचेतून बापाकडे बघत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ओठ थरथरत होते. परीक्षकांना वाटलं असेल, आनंदाने रडतेय. खाली हात शांतपणे पान उलटत होता.

७

ती बाहेर आली तेव्हा बुवा दारातच उभे होते. मार्गिकेच्या टोकाला एक बाई पास झालेल्यांना गणवेशाच्या मापासाठी बोलवत होती. कोणीतरी तिकडून म्हणालं, "अभिनंदन हं, काका!" बुवांना ते ऐकू आलं की नाही कोण जाणे.

"ठकू," ते म्हणाले. त्यांचं बोलणं नेहमीच सावकाश, आज तर शब्द पायरी पायरीने येत होते. "पोरी, माझं चुकलं. त्या दिवशी उत्तर मी नव्हतं दिलं. माझ्या तोंडात स्क्रू होता. मी बोलूच शकत नव्हतो. तू घाबरशील म्हणून हो म्हटलं. आणि मग... मग तुझा पाय जमायला लागला, म्हणून गप्प बसलो. तू ते मला दिलंच नव्हतंस. ऐकतेस ना? माझ्याकडे ते कधी नव्हतंच. तू घे परत. नोकरी गेली खड्ड्यात. तू म्हण, आपण घरी जाऊ."

ठकूचे डोळे मोठे झाले. तिला सगळं कळलं होतं, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत. तो तिचाच चेहरा होता. तापात आईला हाक मारायची तेव्हाचा. तिचे ओठ उघडले. गळ्याची शीर फुगली, मान लाल झाली. आतून काहीतरी दाराला धडका देत होतं आणि दार हलत नव्हतं.

बुवांनी तिचे खांदे धरले. "म्हण, बाळा. एकच वाक्य. आस्ते, आस्ते. मी थांबतो."

तिचे दोन्ही हात वर आले. क्षणभर त्यांना वाटलं, मिठी मारतेय. पण त्या हातांनी त्यांची बोटं एकेक करून खांद्यांवरून सोडवली. जोर न लावता, फार सफाईने. त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण उघडं होतं, ते लावलं. कॉलर सरळ केली.

मग पाय वळले. आधी पाय, त्यानंतर कंबर, त्यानंतर खांदे. मान शेवटपर्यंत मागेच राहिली. वळेल तेवढी वळलेली, ओले डोळे बापावर खिळलेले. मग तीही समोर झाली.

मार्गिका लांब होती. ठकू सरळ, एकसारखी पावलं टाकत, गणवेशाच्या मापाकडे चालत गेली.